ब्राँझच्या डाळिंबासाठी मेणाचं डाळिंब

आधी मेणाचा नमुना करून मग त्याच्या जागी ब्राँझ ओततात, त्यातलं मेणकाम सोलापुरात शिकायचं तर मोसम ठरलेला आहे. दिवाळी आटोपली की सुरुवात करायची आणि होळीच्या आत शेवटचा नमुना फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यात, पोचवायचा. गड्ड्याची यात्रा भरते त्या जानेवारीच्या दिवसांत मेण सगळ्यात गुणी असतं. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर गेला, की पत्र्याखालच्या वर्गात सकाळी ताठ उभी केलेली आकृती दुपारी कमरेत वाकलेली दिसते. मधमाशीचं मेण वितळायला ६२ ते ६४ अंश लागतात, पण मऊ पडायला तेवढे लागत नाहीत, आणि मूर्ती बिघडते ती मऊ पडल्यामुळेच. उन्हाळ्यात करायचंच असेल तर सकाळी सात ते दहा एवढीच वेळ धरायची. अर्धवट काम पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून माठातल्या पाण्यात बुडवून ठेवायचं.

वर्गात पहिला नमुना डाळिंबाचा करून घेतात. कारण साधं आहे. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं खरं, पण त्याआधीपासून ते इथल्या प्रत्येकाच्या हाताला माहीत आहे, त्यामुळे आकार चुकला तर कुणी सांगावं लागत नाही. शिवाय या एका फळात ओतकामाच्या बहुतेक अडचणी एकत्र येतात: पोकळ पोट, पातळ पाकळ्यांचा मुकुट, आणि दोन्हींच्या मधला जाड खांदा. माणसाचा चेहरा पहिल्यांदा करायला घेतला की सगळं लक्ष नाक-डोळ्यांत जातं आणि भिंतीच्या जाडीकडे कुणी बघत नाही. आमच्या मते तिथेच बहुतेक वर्गांचं चुकतं. मेण हा मूर्तीचा शेवटचा पदार्थ नव्हे. ते साच्यातून निघून जाणार आणि त्याने रिकामी केलेली जागा धातू भरणार. ती जागा कुठे अरुंद आहे, कुठे ऐसपैस आहे, यावर धातू कसा वागेल ते ठरतं. म्हणून जाडी आधी, चेहरा मागाहून.

आठ सेंटिमीटर व्यासाचं डाळिंब भरीव केलं तर अडीचशे ग्रॅम मेण लागतं आणि ब्राँझ होतं सव्वादोन किलोच्या पुढे. तेच ४ मिलिमीटर भिंतीचं पोकळ केलं तर मुकुटासह मेण ७५ ग्रॅमच्या आसपास आणि ब्राँझ पाऊण किलोच्या आत. प्रश्न फक्त पैशाचा नाही. भरीव गोळ्यात बाहेरचा धातू आधी थिजतो आणि आतला मागून आकसतो, त्यामुळे पृष्ठभाग आत ओढला जातो नाहीतर पोटात पोकळ्या राहतात. भरीव ओतकाम वाईट असं नव्हे. दायमाबाद या प्राचीन वस्तीच्या जागी १९७४ मध्ये सापडलेले धातूचे हत्ती, गेंडा, रेडा आणि रथ भरीवच आहेत. पण ते जमवायला धातूचा मोठा साठा आणि मुरलेला हात लागतो. शिकणाऱ्याने बोटाएवढ्या जाडीपर्यंत भरीव करावं, त्यापुढे पोकळ.

आता मेणाचं मिश्रण. एक किलोसाठी हिवाळ्यात आम्ही ५५० ग्रॅम मायक्रोक्रिस्टलाइन मेण (पेट्रोलियमपासून मिळणारं चिवट मेण), २५० ग्रॅम पॅराफिन, १०० ग्रॅम मधमाशीचं मेण आणि १०० ग्रॅम राळ घेतो. राळ म्हणजे सोल्डरिंगवाले वापरतात तो रोझिन. होळीनंतर हेच प्रमाण ६००, १५०, १०० आणि १५० असं होतं. प्रत्येकाचं काम वेगळं. मायक्रोक्रिस्टलाइन मेणाने लवचिकपणा येतो, वाकवलं तर तुटत नाही. पॅराफिन स्वस्त आणि कोरायला स्वच्छ, पण जास्त झालं की मेण कडकडीत होतं आणि थंड होताना आकसतं. मधमाशीच्या मेणामुळे थरावर थर चिकटतो. राळ ताठरपणा देते, कोरलेली कड उन्हाळ्यातही धार धरून राहते. पण राळ वाढवत गेलं की मेण काचेसारखं तडकतं, दोनशेच्या वर जाऊ नये. डिसेंबरातल्या कडक थंडीत सकाळी मेण हाताला दगड लागलं तर किलोमागे २० ग्रॅम शेंगदाणा तेल घालायचं. दक्षिणेतले मूर्तिकारही मेण आणि राळेत शेंगदाण्याचं तेल घालतात.

राळ पाण्यावरच्या दुहेरी पातेल्यात नीट विरघळत नाही, गोळे राहतात. ती बारीक कुटून, निम्म्या मायक्रोक्रिस्टलाइन मेणाबरोबर स्टीलच्या पातेल्यात, विजेच्या शेगडीवर ११० ते १२० अंशांपर्यंत न्यायची. थर्मामीटर पातेल्यातच हवा, अंदाज चालत नाही. राळ उतरली की सुती कापडातून गाळायची, कारण तिच्यात साल आणि माती असते. मग बाकीची मेणं घालायची आणि पुढची सगळी गरमागरमी दुहेरी पातेल्यात. मेणातून धूर दिसला की ते जास्त तापलं. पेट घेतला तर झाकण टाकायचं आणि शेगडी बंद करायची. पाणी अजिबात नाही, पाण्याने जळतं मेण उडून अंगावर येतं. पातेल्याशेजारी मापाचं झाकण आणि वाळूची बादली असल्याशिवाय आमच्याकडे शेगडी लागत नाही.

जुन्या मेणबत्त्या वितळवून पैसे वाचवायचा मोह टाळावा. रंगीत मेणबत्तीत आणि काही तयार मॉडेलिंग मेणात खडूसारखी पूड असते, ती भट्टीत जळत नाही. साच्याच्या तळाशी राख बसते आणि धातूवर खड्डे येतात. तपासायला सोपं आहे: पाच ग्रॅम मेण जुन्या स्टीलच्या चमच्यात उघड्यावर पूर्ण जाळायचं. चमच्यात राखाडी पूड उरली तर ते मेण मूर्तीसाठी नाही.

पोकळ डाळिंब करायला आधी गाभा लागतो, म्हणजे मेणाच्या आत राहून पोकळी राखणारा गोळा. आकारमानाने एक भाग प्लास्टर आणि दोन भाग पक्क्या विटेची चाळलेली पूड. नुसतं प्लास्टर भट्टीत तडकतं, विटेची पूड आधीच भाजलेली असल्याने गाभ्याला स्थिर ठेवते. पाण्यात पूड भुरभुरायची, वर कोरडी बेटं दिसू लागली की थांबून ढवळायचं. जुन्या रबरी चेंडूला भोक पाडून त्यात ओतलं की ७२ मिलिमीटरचा गोळा मिळतो. तो पूर्ण वाळला पाहिजे. इथल्या कोरड्या हवेत सावलीतही लवकर वाळतो, हा सोलापूरचा एक फायदा.

गोळा मिळाला म्हणजे डाळिंब झालं नाही. डाळिंब हातात धरून बघा, ते गोल नसतं. आतल्या दाण्यांच्या कप्प्यांमुळे पिकलेल्या फळाच्या सालीला पाच-सहा बोथट बाजू पडतात आणि दोन बाजूंच्या मध्ये अगदी हलकी कड असते. उजेडासमोर फिरवलं की सावली त्या कडेवर मोडते. नवखा विद्यार्थी गुळगुळीत गोळ्यावर मेण चढवतो आणि मग या बाजू दाखवायला वरून मेण थापत जातो. दिसायला छान होतं, पण भिंत कुठे ४ तर कुठे ७ मिलिमीटर होते, आणि ओतल्यावर नेमक्या त्या जाड कडा खचतात. उपाय एकच: बाजू गाभ्यातच कानशीने घासून काढायच्या आणि वर सारख्या जाडीचा मेणाचा पत्रा चढवायचा. मोठा आकार गाभ्यात ठरतो, मेणाने फक्त साल करायची असते. पुढे अर्धपुतळा करायला घेतला तरी हेच.

मेणाचा पत्रा ओतायला शहाबादी फरशीसारखं दुसरं काही नाही. फरशी साबणाच्या पाण्याने ओली करायची, ४ मिलिमीटरच्या प्लायच्या पट्ट्यांची चौकट ठेवायची आणि मेण ७० ते ७५ अंशांवर आणून एका दमात ओतायचं. ८५ अंशांवर ओतलं तर पट्ट्यांखालून पळतं आणि फरशीच्या बारीक छिद्रांत शिरून चिकटतं. ६५ ला ओतलं तर पसरायच्या आत साय धरते आणि पत्र्यात लाटा येतात. वरचा भाग झळाळी सोडून मंद झाला की पट्ट्या काढायच्या आणि पत्रा कोमट असतानाच उचलायचा. पूर्ण थंड होऊ दिला तर वाकवताना भेगा पडतात, तेव्हा ४० अंशांच्या कोमट पाण्यात बुडवून पुन्हा मऊ करता येतो.

गोळ्यावर सपाट पत्रा बसत नाही, म्हणून आठ फाकी कापायच्या. ७२ मिलिमीटरच्या गाभ्याला प्रत्येक फाक पोटाशी २९ मिलिमीटर रुंद आणि ११५ लांब, दोन्ही टोकांना निमुळती. फाक लावायच्या आधी गाभ्याला पातळ मेणाचा एक हात ब्रशने द्यायचा, म्हणजे धरून राहते. खाली, फळ ज्यावर बसतं तिथे, २२ मिलिमीटरची गोल खिडकी उघडी ठेवायची. इथेच गाभा बाहेरच्या साच्याला जोडला जातो, गाभ्यातला वायू बाहेर पडतो आणि शेवटी गाभा खरवडून काढायलाही हीच वाट. खिडकी विसरलेलं डाळिंब ओतलं जाईलही, पण गाभा जन्मभर पोटात राहील.

दोन फाकींचा सांधा हा मेणकामातला खरा कस. गरम सुरी सांध्याच्या वरून फिरवली की बाहेरून एकजीव दिसतं, आत मात्र फट तशीच राहते. सुरीचं पातं गाभ्याला टेकेपर्यंत आत गेलं पाहिजे आणि दोन्ही कडा वितळून एकमेकींत मिसळल्या पाहिजेत. फट राहिली तर साच्याचं पातळ प्लास्टर तिच्यात शिरतं आणि मेण गेल्यावर तिथे प्लास्टरची नाजूक भिंत उभी राहते. धातूच्या धक्क्याने ती मोडते. मोडलेला तुकडा दुसरीकडे कुठेतरी भोक होऊन बसतो, आणि सांध्याच्या जागी चीर. आम्ही २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न पंख्याच्या रेग्युलेटरवर लावून वापरतो. थेट जोडलं तर टोक इतकं तापतं की मेण धूर सोडतं. दिव्यावर तापवलेली सुरी चालते, पण दिवा स्पिरिटचा हवा. मेणबत्तीवर धरलेल्या सुरीची काजळी मेणात उतरते आणि पृष्ठभाग वाचता येत नाही. पंखा मात्र बंद, नाहीतर ज्योत हलते आणि सुरी दर वेळी वेगळी तापते.

जाडी तपासायला शिवणाची सुई घ्यायची, टोकापासून ४ मिलिमीटरवर नेलपॉलिशची खूण करायची आणि जागोजाग टोचत जायचं. सुई गाभ्याला अडते तिथे खूण पृष्ठभागाशी आली पाहिजे. भोकं लगेच गरम टोकाने बुजवायची. तीन मिलिमीटरपेक्षा पातळ निघालं तिथे मेण चढवायचं, पाचपेक्षा जाड तिथे खरवडायचं. कंटाळवाणं काम आहे, पण एका डाळिंबाला वीस-पंचवीस ठिकाणी टोचलं नाही तर पुढचं सगळं नशिबावर.

मुकुटाच्या पाकळ्या खऱ्या डाळिंबात कागदासारख्या पातळ होत जातात. तशाच केल्या तर धातू टोकापर्यंत पोचायच्या आधी थिजतो आणि पाकळी बोथट, गोल कडेची येते. टोकाशी दोन ते अडीच मिलिमीटर ठेवायचं, बुडाशी चार, आणि मधला उतार सलग. डोळ्याला पातळ वाटावी म्हणून पाकळीची फक्त कड आतल्या बाजूने तिरकी कापायची. बघणाऱ्याला कड दिसते, जाडी दिसत नाही.

पृष्ठभागाचं काम सगळ्यात शेवटी, सकाळच्या गारव्यात. नायलॉनच्या मोज्याचा तुकडा टर्पेंटाइनमध्ये किंचित ओला करून फिरवला की सुरीच्या रेषा जातात. जास्त ओला केला तर कडा वितळून सगळं फळ साबणाच्या वडीसारखं दिसतं. बोटाचा ठसा ब्राँझमध्ये जसाच्या तसा उतरतो. ठेवायचा असेल तर ठेवा, पण ठरवून ठेवा. सालीवरचे बारीक डाग आणि खरचटे दातांच्या डॉक्टरांकडच्या हत्यारांनी छान निघतात.

मग खिळे. गाभा खिडकीला धरलेला असला तरी मेण गेल्यावर तो कलू नये म्हणून २ मिलिमीटर जाडीचे, ४० मिलिमीटर लांबीचे पाच खिळे वेगवेगळ्या दिशांनी घालतात. थेट ठोकले तर गाभा फुटतो. १.८ मिलिमीटरच्या ड्रिलने हाताने भोक पाडून खिळा पंधरा मिलिमीटर गाभ्यात आणि वीस मिलिमीटर बाहेर ठेवायचा. जस्ताचा मुलामा दिलेले चकचकीत खिळे नकोत, भट्टीत जस्त उडतं. स्टेनलेसची तार मिळाली तर उत्तम, साधं लोखंड आत राहून गेलं तर वर्षभराने ब्राँझवर गंजाचा ओघळ येतो.

यानंतर नळकाम, म्हणजे धातू आत येण्याचे रनर आणि हवा बाहेर जाण्याचे व्हेंट. डाळिंब मुकुट वर करून उभं करायचं. फळापासून २५ मिलिमीटर अंतरावरून १५ मिलिमीटर जाडीचा मुख्य रनर खाली आणायचा. त्याला १० मिलिमीटरच्या दोन फांद्या, एक खिडकीच्या काठाशी तळाला, दुसरी मुकुटाखालच्या जाड खांद्याला. नुसती तळाची दिली तर धातू वर चढता चढता गार होतो आणि पाकळ्या भरत नाहीत. नुसती वरची दिली तर धातू धबधब्यासारखा पडतो, हवा गिळतो आणि साच्याची भिंत खरवडतो. दोन्ही दिल्यावर खालून शांत भरतं आणि मुकुटाला ताजा, गरम धातू मिळतो. प्रत्येक पाकळीच्या टोकाला ३ मिलिमीटरचा व्हेंट, सरळ वर. व्हेंट कुठेही आडवा किंवा खाली वाकलेला नको, हवा तिथेच अडते. वर ओतण्याचा कप, तोंडाशी ५ सेंटिमीटर, आणि त्याचा तळ मुकुटाच्या टोकांपासून निदान ८ सेंटिमीटर उंच. एवढी उंची असली तरच धातूचा भार पाकळ्यांत दाब देतो.

व्हेंटसाठी मेणाच्या सारख्या कांड्या हव्यात. चकलीच्या सोऱ्याला गोल भोकाची चकती लावून कोमट मेण दाबलं की मीटरभर कांडी एका दमात निघते. ढोकरा काम, म्हणजे मेणाच्या नमुन्यावरून धातू ओतायचं पारंपरिक काम, करणारे कारागीर मेणाचे दोरे याच तत्त्वावर दाबून काढतात. सोऱ्या वर्गाचाच ठेवावा, तो परत स्वयंपाकघरात जाणार नाही. फांदी जिथे फळाला मिळते तिथे मेणाने गोलाई भरायची. सांध्याला मान बारीक राहिली तर तिथे धातू आधी थिजतो, रनरमधला गरम धातू आत जाऊ शकत नाही, आणि नेमक्या त्या सांध्यामागे पोकळी पडते.

आता वजन. कप भरीव मेणाचा असेल तर नळकामाचं मेण ९० ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे फळापेक्षा जास्त. मेणाच्या दसपट ब्राँझ हा सोपा हिशेब. मिश्रणाची घनता ०.९३ च्या आसपास आणि ब्राँझची ८.८ धरली तर खरा आकडा साडेनऊ येतो, वरचं सांडलवंडीला. १६५ ग्रॅम मेण म्हणजे १ किलो ६५० ग्रॅम धातू, मुशीत मात्र १ किलो ८०० घालायचा. धातू कमी पडून कप अर्धवट राहिला तर नंतर ओतलेला धातू आधीच्यात मिसळत नाही, मधे सांधा राहतो. मेण तोलून धातू ठरवायची ही रीत या मुलखाला नवी नाही. कल्याणीचा, म्हणजे आपल्या शेजारच्या बसवकल्याणचा, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त चांदी मेणाच्या बारापट आणि सोनं सोळापट घ्यायला सांगितलं आहे.

साचा चढवण्याआधी मेण सर्जिकल स्पिरिटमध्ये भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब घालून धुवायचं आणि वाळू द्यायचं. मेणावर पाणी ठरत नाही, थेंब होऊन निसटतं. न धुतलेल्या मेणावर प्लास्टर चढवलं की मधे बुडबुडे अडकतात आणि ब्राँझच्या सालीवर मोहरीएवढे दाणे येतात. पहिला दर्शनी थर एकास एक, प्लास्टर आणि कापडातून चाळलेली विटेची पूड, साधारण सेंटिमीटरभर. तो ब्रशने शिंतडत आणि तोंडाने फुंकत लावायचा, म्हणजे खाचाखोचांत शिरतो. पाकळ्यांच्या आत बोटाने टोचून हवा काढायची. मग २० सेंटिमीटर व्यासाची, २८ सेंटिमीटर उंच पत्र्याची नळी भोवती उभी करून, आत कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली तारेची जाळी ठेवून, एकास दोन मिश्रणाने भरायची. तळाशी साडेचार सेंटिमीटर, बाजूंना निदान चार. मिश्रण मेणावर थेट ओतायचं नाही, नळीच्या कडेने सोडायचं, नाहीतर व्हेंट मोडतात आणि आत काय झालं ते कळतही नाही.

काही जण मातीचा साचा करतात, जुनी आणि स्वस्त रीत. पण आपली काळी माती त्यासाठी घेऊ नये. ओली असताना ती फुगते आणि वाळताना भेगाळते, शेतात उन्हाळ्यात दिसतं तेच साच्यात होतं. भीमा किंवा सीनेच्या काठचा पोयटा कापडातून गाळून, कुजलेल्या शेणाच्या पाण्यात कालवून, पातळ थरांनी चढवावा. प्रत्येक थर सावलीत, वर ओलं गोणपाट टाकून वाळवायचा. उन्हात ठेवला तर वरची साय आधी वाळून तडकते.

साचा इथे भरला आणि भट्टी गावाबाहेरच्या फाउंड्रीत असेल तर अडचण नाही. नुसतं मेण पाठवायचं असेल तर सांभाळावं. उन्हात उभ्या गाडीची डिकी मेण मऊ पडण्याच्या वर सहज जाते. थर्माकोलचा खोका, तळाशी कापडात गुंडाळलेल्या गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या. गुंडाळायला टॉवेल कारखान्यांतल्या चिंध्या इथे सहज मिळतात, पण मेणावर आधी पातळ प्लास्टिक हवं, नाहीतर टॉवेलचे फासे सालीवर उमटतात.

भट्टीत साचा कप खाली करून ठेवतात, खाली पाण्याची परात. साचा थोडा दमट असताना गेला तर बरं, छिद्रांतल्या पाण्यामुळे मेण भिंतीत मुरत नाही. १२० अंशांवर सहा तास, मेण बहुतेक निघून जातं. मग तासाला ५० अंशांनी चढवत ३०० वर चार तास आणि ६५० वर सहा ते आठ. सातशेच्या वर प्लास्टर कुजल्यासारखं भुसभुशीत होतं. कपाचं तोंड काळं दिसत असेल तर आत अजून काजळी आहे, थांबायचं. पांढरं-गुलाबी झालं की हळूहळू २०० अंशांपर्यंत उतरवायचं. व्हेंटच्या तोंडाशी काच धरून वाफ धरते का ते बघायचं. ओलावा उरलेल्या साच्यात धातू ओतणं म्हणजे सरळ अपघात, वाफ धातूला बाहेर फेकते.

ओतण्याचं काम फाउंड्रीतल्या माणसांचं. विद्यार्थ्यांनी चामडी बूट, सुती कपडे आणि चष्मा घालून लांब उभं राहायचं. मिश्रधातू बहुधा ८५ टक्के तांबं आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी पाच. जुन्या नळांचं पितळ मिसळलं तर जस्त वाढतं, पांढरा धूर येतो आणि तो श्वासात गेला तर रात्री थंडी-ताप भरतो. साचा गळ्यापर्यंत वाळूत पुरलेला असतो, धातू ११३० ते ११५० अंशांवर, आणि धार मधे तोडायची नाही. सगळ्या व्हेंटमधून धातू डोकावला की झालं.

फोडल्यावर डाळिंब काळंकुट्ट आणि काटेरी दिसतं, त्यावर जाऊ नये. दोष वाचायला बसावं. पातळ पंखासारखी पाती बाहेर आली असेल तर साच्याला चीर गेली होती, बहुतेक भट्टी घाईने चढवली. एखाद-दुसरं पाकळीचं टोक गोल आलं तर आधी उरलेल्या टोकांची जाडी मोजा. ती सारखी असतील तर त्या पाकळीचा व्हेंट तुटलेला होता. सगळीच टोकं गोल असतील तर धातू किंवा साचा गार होता. खांद्याला, फांदीच्या बुडाशी खड्डा असेल तर तिथली मान बारीक होती. पोटाला भोक असेल तर कडेची जाडी बघा: कड चाकूच्या धारेसारखी निमुळती असेल तर गाभा सरकला होता, बोथट आणि गोल असेल तर धातू दोन बाजूंनी येऊन मिसळायच्या आत थिजला.

रनर हॅक्सॉने कापताना फळापासून ३ मिलिमीटर सोडून कापायचं, उरलेलं कानशीने. सफाईदार दिसावं म्हणून सालीलगत कापलं तर पातं सालीत उतरतं आणि तो ओरखडा कानशीने जात नाही. खिळे ओढून काढून भोकांना आटे पाडायचे आणि त्याच रनरच्या ब्राँझची कांडी बसवून ठोकायची. दुसऱ्या मिश्रधातूचं बूच वापरलं तर पॅटिना, म्हणजे ब्राँझवरचा रंगाचा थर, चढवताना तो ठिपका वेगळ्या रंगाने उठतो.

परातीत उतरलेलं मेण पाण्यापासून वेगळं करून पुन्हा वितळवून गाळता येतं. पण ते तापून गेलेलं असतं, राळेचा जोर कमी झालेला असतो आणि विटेची बारीक पूड कापडातूनही थोडी येतेच. ते वेगळ्या डब्यात, चिठ्ठी लावून ठेवावं आणि फक्त कप व जाड रनरसाठी वापरावं. सालीच्या आणि पाकळ्यांच्या पत्र्यात त्याचा वाटा नको.